चाळीस खुर्च्यांचा शनिवार

सकाळी ७.५०. पवनारच्या थांब्यावर ताई उभी आहे. खांद्याला पिशवी, पिशवीत डबा, पाण्याची बाटली आणि एक जाडजूड वही. तिचं नाव इथं लिहीत नाही. दुकानात लहानथोर सगळे तिला ताईच म्हणतात. वय सत्तावीस, बी.ए. झालेली. वर्ध्यातल्या एका पुस्तकाच्या दुकानात सहा वर्षं कामाला आहे. पगार महिन्याला नऊ हजार. मागे धाम नदीचं पात्र, काठावर विनोबांचा आश्रम. रस्त्याकडेचा पळस लालभडक झालाय. होळी तोंडावर आली आहे.

एसटी येते. तिकीट अकरा रुपये. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीचं तिकीट निम्मं झालं, तेव्हापासून तिनं ऑटो सोडला. महिन्याला साडेपाचशेच्या वर वाचतात. त्यातून तिनं गॅसची शेगडी घेतली.

आज २८ फेब्रुवारी. काल मराठी भाषा गौरव दिन झाला. आज संध्याकाळी साडेसहाला दुकानात अभिवाचन आहे. लेखिका यवतमाळची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. हा तिचा दुसरा कथासंग्रह. काल वर्ध्याच्या एका महाविद्यालयात तिचं व्याख्यान होतं, आणि रात्री ती नातेवाइकांकडे थांबली. दुकानाचे मालक भाऊ यांनी नेमका आजचा दिवस धरला तो यासाठीच. सत्तावीस तारखेला लेखक कुणालाच मिळत नाही. अठ्ठावीसला मिळतो, आणि त्याचा येण्याचा खर्चही पडत नाही.

८.४०. शटर वर जातं. खालच्या पट्टीत खडा अडकलाय. ताई चपलेच्या टाचेनं तो उडवते. दुकान अकरा फूट रुंद, बावीस फूट खोल. डाव्या भिंतीला शाळेची पुस्तकं, गाइडं, स्पर्धा परीक्षा. उजव्या भिंतीला कथा, कादंबरी, कविता, चरित्रं. मागच्या भिंतीला हिंदी. वर्ध्यात हिंदीचं कपाट लागतंच. राष्ट्रभाषा प्रचार समिती इथं १९३६ पासून आहे, हिंदी विद्यापीठ १९९७ पासून. विद्यापीठातली मुलं बिहार, उत्तर प्रदेशातून येतात आणि मागच्या भिंतीशी तासभर उभी राहतात. घेतात एखादं. भाऊ त्यांना स्टूल देतात.

झाडलोट झाली. आता फडकं. फडकं कोरडंच लागतं, ओल्यानं कडा फुगतात. ताई पुस्तक काढते ते बघण्यासारखं आहे. वरच्या टोकात बोट घालून ती कधी ओढत नाही, तसं केलं की पाठ फाटते. दोन्ही बाजूंची पुस्तकं बोटभर आत ढकलते आणि मधलं कमरेत धरून बाहेर घेते. पुसते, एकदा टिचकी मारून पानं मोकळी करते, परत ठेवते. उजव्या भिंतीत सातशेच्या आसपास पुस्तकं आहेत. रोज दोन फळ्या होतात. फळीमागे डांबरगोळ्या. कसर लागली की ती एका पुस्तकावर थांबत नाही.

९.२०. पहिलं गिऱ्हाईक. दहावीचा मुलगा, वडिलांच्या मोटारसायकलवर मागे बसून आलेला. दोन निळे पेन आणि एक पॅड. पंचेचाळीस रुपये. मागोमाग दोघी मुली, आलेखाचे कागद. परीक्षेचे दिवस आहेत. दहा वाजेपर्यंत अशी अकरा गिऱ्हाइकं झाली. त्यात कथा-कादंबरी विचारणारं एकही नाही.

दुकान चालतं ते डाव्या भिंतीवर. पोलीस भरतीचं पुस्तक आलं की आठवड्यात गठ्ठा संपतो. मुलं सकाळी मैदानावर धावून घामाच्या बनियनवरच येतात. किंमत बघतात, मागे वळून मित्राला विचारतात, मग दोघांत एक घेतात. भाऊंना याचं वाईट वाटत नाही. ते म्हणतात, "डावी भिंत उजवीले पोसते. पण लोक दुकानाचं नाव काढतात ते उजवीमुळं."

१०.४५. भाऊ येतात. वय अठ्ठावन्न, पांढरा सदरा, खिशात दोन पेन. हातात पोस्टाची पावती. पार्सल काल संध्याकाळी आलं होतं, पण पोस्टमनला दुकान बंद दिसलं म्हणून आज स्वतः जाऊन सोडवून आणलं. वीस-वीस प्रतींची दोन पाकिटं. पुण्याच्या प्रकाशकानं ती अशी मुद्दाम बांधली. पाच किलोच्या आत बसली की ज्ञान पोस्टानं शंभर रुपयांत जातात, वर कर. रजिस्टर्ड बुक पोस्ट होतं तेव्हा प्रकाशक त्यानंच पाठवत. डिसेंबर २०२४ मध्ये ते बंद झालं. मधले महिने वाईट गेले, एकेका पुस्तकाला कुरिअरचे सत्तर-ऐंशी रुपये. मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट आलं. हळू येतं, या पाकिटांना आठ दिवस लागले. पण येतं, आणि कुठं पोचलं ते फोनवर दिसतं. यायचं टपाल प्रकाशकाचं, परतीचं दुकानाचं. असा शब्द झाला आहे.

११.१०. भाऊ फोनला बसतात. वही उघडी. ताईच्या पिशवीतली जाडजूड वही ती हीच. यात गिऱ्हाइकांची नावं आहेत. कोण काय वाचतं, कोणी काय मागितलं होतं आणि मिळालं नव्हतं. मोबाइलवरचा ग्रुप आहे, त्यात दोनशे बारा माणसं. निरोप चार दिवसांपूर्वीच टाकला. तरी भाऊ एकेकाला फोन करतात.

"नमस्कार सर, मी बोलून राहिलो. हो, आज साडेसहाला. कापूस वेचणाऱ्या बायांच्या कथा आहेत. वहिनीले पण आणा नं."

फोन ठेवून मला म्हणतात, "मेसेज टाकला का अंगठा येते. फोन केला का माणूस येते."

एक तास वीस मिनिटांत एकेचाळीस फोन. मी मोजले. सतरा जणांनी येतो म्हटलं. नऊ जणांनी बघतो म्हटलं. एका निवृत्त शिक्षकाच्या घरून कळलं की ते जानेवारीत गेले. भाऊ बराच वेळ बोलले. मग वहीत नावावर रेघ न मारता बाजूला तारीख लिहिली.

१२.४०. ताई पाकिटांची सुतळी सोडते. कापत नाही, सोडते आणि बोटांवर गुंडाळून खिळ्याला लावते. परतीच्या गठ्ठ्याला ती कामी येते. आतून ब्राऊन कागद, मग पुस्तकं. १७६ पानं, किंमत २२० रुपये. मुखपृष्ठावर एक ओंजळ आणि त्यात सरकीसकट कापूस.

आता ती प्रत्येक प्रत तपासायला बसते. हे काम मी याआधी कुठल्या दुकानात पाहिलं नव्हतं. डाव्या हातात पाठ, उजव्या अंगठ्यानं पानं सरकवायची, नजर फक्त पानांच्या आकड्यांवर. सोळा पानांचा एक फर्मा, असे अकरा फर्मे. एका प्रतीला साधारण वीस सेकंद. बाराव्या प्रतीशी ती थांबली. ९६ नंतर ८१ आलं. सहावा फर्मा दोनदा लागलाय, सातवा नाहीच. एकतिसाव्या प्रतीतही तेच.

"भाऊ, दोन प्रतींत घोळ आहे."

"ठेव बाजूले. पावती कर."

दोन्हींवर ती चिठ्ठी लावते, पान नंबर लिहिते. विचारलं तर म्हणाली, "सही घेऊन घरी नेलं, अन् ऐन गोष्टीत पान नाही सापडलं, तर तो माणूस आपल्याकडं पुन्हा कायले येईल?" राहिल्या अडतीस.

१.३०. डबा. ज्वारीची भाकर, तुरीच्या सोल्यांची भाजी, हिरव्या मिरचीचा ठेचा. सोल्यांचे हे शेवटचेच दिवस. भाऊंच्या घरून पोळी आणि आलू-वांगं. कागद पसरून काउंटरवरच जेवण होतं. मलाही भाकर मिळते. जेवताना दोन गिऱ्हाइकं येतात, ताई डावा हात पुढं करून गाइड काढून देते.

२ ते ४. उन्हाचा हा वेळ रिकामा जातो. फेब्रुवारी सरला नाही तोच रस्ता ओस पडायला लागलाय. एक पंखा चालू. दुसरा चार वाजल्यानंतर, वीजबिलामुळं.

भाऊ जुनं बोलतात. हे दुकान त्यांच्या वडिलांनी टाकलं. १९६९ साली वर्ध्यात साहित्य संमेलन झालं, पु. शि. रेगे अध्यक्ष होते. तेव्हा वडील मांडवाबाहेर सतरंजीवर पुस्तकं घेऊन बसले होते आणि त्याच पैशांतून पहिलं लाकडी कपाट केलं. ते कपाट अजून आहे. त्यात आता कवितासंग्रह आहेत. मग २०२३ च्या फेब्रुवारीत पुन्हा संमेलन आलं, शहाण्णवावं. स्वावलंबी विद्यालयाच्या मैदानावर. अध्यक्ष नरेंद्र चपळगावकर. त्याच दिवसांत शहरात विद्रोही साहित्य संमेलनही भरलं, चंद्रकांत वानखडे त्याचे अध्यक्ष. भाऊ दोन्हीकडे गेले. एकीकडे दिवसा, दुसरीकडे संध्याकाळी. म्हणतात, गावात इतकी वाचणारी माणसं आहेत हे त्यांना त्या तीन दिवसांत दिसलं. पुढच्या सोमवारी दुकान उघडलं तर तीच माणसं कुठं गेली ते कळेना. त्यानंतर दोन महिन्यांनी त्यांनी हे वाचन सुरू केलं. दर महिन्याला होत नाही. वर्षातून सात-आठ वेळा होतं.

मला इथं एक आठवतं. पवनारच्या विनोबांची गीता प्रवचनं घरोघर आहेत. ते पुस्तक आधी बोललं गेलं, १९३२ साली, धुळ्याच्या तुरुंगात, कैद्यांपुढं, दर रविवारी. साने गुरुजी समोर बसून उतरवून घेत होते. वाचणारे मागाहून आले, ऐकणारे आधी होते. वर्ध्याच्या माणसाला पुस्तक ऐकायला बोलवण्यात नवल असं काही नाही.

३.१५. लेखिकेचा फोन. पाच वाजता येते. टेबल उंच नको, आणि पाणी कोमट असू द्या.

४.१०. बिछायत केंद्राचा ठेला आला. प्लॅस्टिकच्या चाळीस खुर्च्या, एकात एक अडकवून चार थप्प्या. भाडं खुर्चीला आठ रुपये, ठेल्याचे शंभर वेगळे. ठेलेवाला आणि ताई मिळून उतरवतात. ताई मोजून घेते. एक खुर्ची पायाला चिरलेली, ती तिथंच परत करून दुसरी मागवते. परतताना भरून द्यावी लागली तर साडेतीनशे जातात.

मग दुकान मोकळं करायचं. मधला रॅक लोखंडी आहे, वर दोन-अडीचशे पुस्तकं. पूर्वी पुस्तकं उतरवून रॅक उचलावा लागायचा, दोन तास जायचे. दोन वर्षांपूर्वी वेल्डिंगवाल्याकडून खाली चार चाकं लावून घेतली. अठराशे रुपये लागले. आता भाऊ पुढून ओढतात, ताई मागून ढकलते. एक चाक तिरकं जातं, म्हणून ती डाव्या गुडघ्यानं टेकू देते. रॅक मागच्या भिंतीला लागला. हिंदीचं कपाट आज झाकलं जाणार. त्यावर ताईनं चिठ्ठी लावली, "सोमवार को जरूर आइए।"

आत सव्वीस खुर्च्या बसल्या. चौदा बाहेर, गल्लीत, अर्ध्या शेजारच्या पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर.

गिरणीचं तर सांगायचंच राहिलं. भिंतीला लागून गिरणी आहे. पट्टा सुरू असला की दुकानातल्या काचा थरथरतात. गिरणीवाले आणि भाऊ वर्गमित्र. वाचन असलं की गिरणी साडेसहाला थांबते, तास-दीड तास. एरवी ती साडेआठपर्यंत चालते. हा वेळ गहू-ज्वारीचा असतो, कामावरून परतणाऱ्या बाया डबे घेऊन येतात. गिरणीवाले त्यांना दुपारीच सांगून ठेवतात. याचे पैसे ते घेत नाहीत. भाऊंनी एकदा देऊ केले तर तीन दिवस बोलले नाहीत.

५.०५. लेखिका आली. पन्नाशीची, सुती साडी, खांद्याला शबनम. भाऊ त्यांना मॅडम म्हणतात, ताईही मॅडमच. चहा झाला. पिशवीतून त्यांनी स्वतःची प्रत काढली आणि मी पुढं सरकून बसलो. पानांत कागदाच्या सहा पट्ट्या. परिच्छेदांवर पेन्सिलीच्या उभ्या रेघा. जिथं श्वास घ्यायचा तिथं एक, जिथं थांबायचं तिथं दोन. काही वाक्यं चौकोनात बंद केलेली. ती वाचायची नाहीत.

"कानाला इतकं लागत नाही," त्या म्हणाल्या. "डोळा मागं जाऊ शकतो. कान जात नाही."

मोबाइलवर वेळ लावून त्या हलक्या आवाजात वाचून बघतात. कथा सीतादहीच्या दिवशी सुरू होते. कापसाचा पहिला वेचा निघायच्या वेळी शेतात दहीभात ठेवतात, तो दिवस. एका ओळीत बाईच्या बोटाच्या पेराला वाळक्या बोंडाचं टोक लागून रक्त येतं.

ताई खुर्चीचं कापड झटकत होती. थांबली. म्हणाली, "मॅडम, एक सांगू का? पेराले नाही लागत. नखाच्या मुळाशी लागते. इथं." तिनं बोट पुढं केलं. तिची आई वेचायला जाते, तीही बारावीपर्यंत दिवाळीच्या सुटीत जायची. "पेर तर राठ होऊन जाते. नखाजवळचं कातडं नरमच राहते. तिथंच दरवेळी."

लेखिकेनं तिचं बोट हातात घेऊन नीट बघितलं. पेन्सिल काढली. पेर खोडलं, वर बारीक अक्षरात नखाचं मूळ लिहिलं. मग विचारलं, "आणि रक्त पुसतात कशाला?"

"पुसत नाही. कापसाले लागू नये म्हणून तोंडात धरते."

तेही लिहिलं गेलं.

६.००. स्पीकरवाला येऊन गेला. एक माईक, एक डबा, भाडं चारशे. ताईनं विक्रीचं टेबल दाराशी लावलं. आत जाणाऱ्याला पुस्तक आधी दिसतं आणि बाहेर येणाऱ्यालाही टाळता येत नाही. बारा प्रती टेबलावर, बाकी खाली. सगळ्या एकदम मांडत नाही. सुट्टे पैसे तिनं दुपारीच गिरणीवाल्यांकडून आणलेत, दहा-वीसच्या नोटा, पिठानं पांढऱ्या.

माणसं यायला लागली. जोडीनं आलेले निवृत्त शिक्षक. सेवाग्रामच्या इस्पितळातल्या दोन परिचारिका, ड्यूटीवरून थेट. बँकेतला एक जण. महाविद्यालयाच्या सहा मुली. देवळीकडून आलेले एक शेतकरी, टोपी, हातात कापडी पिशवी. सकाळी पोलीस भरतीचं पुस्तक नेलेला एक मुलगाही आला आणि बाहेरच्या खुर्चीवर टेकला.

६.३५. गिरणीचा पट्टा फडफडला, मंद झाला, थांबला. काचा गप्प झाल्या. इतका वेळ आपण ओरडून बोलत होतो हे तेव्हा सगळ्यांना कळलं.

भाऊंनी ओळख करून दिली. तीन वाक्यं. नाव, गाव, पुस्तक. हार नाही, शाल नाही, दीपप्रज्वलन नाही. मी साहित्याच्या कितीतरी कार्यक्रमांना गेलोय, जिथं लेखक बोलायला उभा राहीपर्यंत पाऊण तास सत्कारात जातो आणि मागच्या रांगा उठून गेलेल्या असतात. लेखकाला त्याचं लिहिलेलं वाचू द्यावं, एवढी साधी गोष्ट आपल्याकडं फार थोडे करतात.

लेखिका बसून वाचते. पहिली कथा अठरा मिनिटं. आवाज चढवत नाही. संवाद आले की यवतमाळची बोली येते, ती हुबेहूब येते. कारण तिची तीच बोली आहे. बोट आणि नखाची ओळ आली. दाराशी टेबलामागे ताई उभी होती. तिनं मान खाली घालून प्रतींची थप्पी सारखी केली. बाहेरच्या ओट्यावर पिठाचा डबा मांडीवर घेऊन दोन बाया बसल्या होत्या. दळण उशिरा मिळणार हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनाही ऐकू जात होतं.

दुसरी कथा अकरा मिनिटं. मधे एक मोटारसायकल गेली, लेखिका थांबली, आवाज पुरता गेल्यावर त्याच शब्दापासून पुढं सुरू झाली. सहा पट्ट्यांपैकी चारच वाचल्या.

७.१५. प्रश्न. पहिला प्रश्न देवळीकडच्या शेतकऱ्यांचा.

"मॅडम, तुमच्या गोष्टीत वेचाई आठ रुपये किलो आहे. हे कोणत्या सालची?"

"चार-पाच वर्षांपूर्वीची."

"मग ठीक. यंदा आम्ही बारा दिले. शेवटच्या वेच्याले पंधरा मागत होते. बोंडं लहान, दिवसभरात वीस किलो निघत नाही. त्यांचंही खरं आहे. अन् आमचंही."

मग वेचाईवरच बोलणं चाललं. परिचारिकेनं सांगितलं, तिची आई गाठोडं डोक्यावर घेऊन काट्यापाशी जायची तेव्हा ओल धरून किलोमागे काही ग्रॅम कापत. मुलींपैकी एकीनं विचारलं, तुम्ही वेचलाय का कापूस? लेखिका म्हणाली, लहानपणी, दोन हंगाम. म्हणून तर चूक राहिली होती. मघाशीच एकीनं दुरुस्त करून दिली. नाव तिनं घेतलं नाही. ताईनंच तसं सांगून ठेवलं होतं.

सदतीस माणसं होती. मी मोजली. ओट्यावरच्या दोघी धरल्या तर एकोणचाळीस.

७.५०. चहा आणि गोरसपाक. वर्ध्यात पाहुण्याला गोरसपाक द्यावाच लागतो, गाईच्या तुपातलं ते बिस्कीट हातात घेतलं की भुगा होतो. म्हणून भाऊंचा नियम, आधी खाणं, मग हात पुसणं, मग पुस्तक.

टेबलाशी रांग. इथं ताईचं काम वेगानं चालतं. गिऱ्हाइकाला नाव विचारते, चिठ्ठीवर लिहिते, पहिलं पान उघडते, चिठ्ठी तिथं ठेवते आणि प्रत लेखिकेकडे सरकवते. नाव चुकलं की प्रत वाया जाते. ऱ्हस्व-दीर्घ ती गिऱ्हाइकाला दाखवून घेते. आज २२० चं पुस्तक २०० ला. काही रोख, काही मोबाइलवर. डबीतून बाई बोलते, दोनशे रुपये मिळाले. सहा मुलींनी मिळून दोन प्रती घेतल्या, प्रत्येकीवर तीन-तीन नावं. भरतीवाल्या मुलानं पुस्तक हातात घेतलं, किंमत बघितली, पाठमजकूर पूर्ण वाचला, ठेवलं. ताई म्हणाली, "सोमवारी ये, इथं बसून वाच." तो बरं म्हणाला.

८.०५. गिरणी सुरू झाली. दोघी बाया उठल्या.

८.१५. भाऊंनी लेखिकेला पाकीट दिलं, हजार रुपये. लेखिका नको म्हणाली. भाऊ म्हणाले, "मॅडम, स्पीकरवाल्याले चारशे दिले. वाचणाऱ्याले काही नाही, हे शोभते का?" पाकीट शबनममध्ये गेलं. भाऊंच्या मुलानं त्यांना स्कूटरवर बसस्टँडला सोडलं. यवतमाळची गाडी होती.

८.३०. खुर्च्या. एकात एक. एकोणचाळीस भरल्या. चाळिसावी गिरणीच्या आत सापडली, त्यावर गव्हाचा डबा ठेवलेला. रॅक परत मधे. तिरक्या चाकाला पुन्हा गुडघा. हिंदीच्या कपाटावरची चिठ्ठी ताईनं काढून घडी करून ठेवली, पुढच्या वेळी चालेल. फरशीवर बिस्किटाचा भुगा. तो आजच झाडावा लागतो, नाहीतर रात्री मुंग्या आणि त्यांच्यामागून उंदीर.

९.००. हिशेब. भाऊ बोलतात, ताई लिहिते.

प्रती गेल्या २१. दुकानाला एक प्रत १४३ ला पडते, विकली २०० ला. सुटले सत्तावन्न. एकवीस सत्तावन्न, अकराशे सत्त्याण्णव. खुर्च्या ३२०, ठेला १००, स्पीकर ४००, चहा-गोरसपाक ७८०, मानधन १०००, ताईचे जादा वेळेचे २००, तिच्या भावाच्या पेट्रोलचे १००. शेवटची सोयीची बस गेली की तो मोटारसायकल घेऊन येतो. एकूण खर्च २९००. संध्याकाळी उजव्या भिंतीतली बाकीची पुस्तकं ४२६० रुपयांची गेली. त्यात सुटले १०६५. वजाबाकी करून उरली तूट, ६३८ रुपये.

भाऊंनी आकडा बघितला. "मागच्या वेळी किती होती?"

"नऊशे चाळीस."

"बरं आहे."

मग त्यांनी जाडजूड वही ओढली. आज पहिल्यांदा आलेल्यांची नावं ताईकडून घेतली. नऊ निघाली. प्रत्येकासमोर कोणत्या पुस्तकाला हात लावला तेही तिला आठवत होतं. भरतीवाल्या मुलाचं नाव तिनं विचारून ठेवलं होतं. भाऊंनी ते दहावं लिहिलं.

९.२५. शटर खाली. मी विचारलं, ही तूट कुठून भरता? भाऊंनी अंगठ्यानं बंद शटरच्या डाव्या बाजूकडे दाखवलं.

ताईचा भाऊ कोपऱ्यावर उभा होता. तिच्या पिशवीत रिकामा डबा, वही आणि त्या दोन बाद प्रतींपैकी एक. पावतीवर दोन प्रतींची नोंद आहे, प्रकाशकाला एकच परत जाईल आणि दुसरीचे पैसे तिच्या पगारातून कापायला तिनंच सांगितलं. सातवा फर्मा नाही हे तिला माहीत आहे. चांगली प्रत विक्रीला राहू द्या, म्हणाली. मधली सोळा पानं ती सोमवारी दुकानात, दुपारच्या रिकाम्या वेळात वाचणार आहे.

पुढचं वाचन गुढीपाडव्यानंतरच्या शनिवारी, २१ मार्चला. खुर्च्या चाळीसच सांगितल्या आहेत. गिरणी साडेसहाला थांबेल, तुम्ही त्याच्या आधी या.